आधी धडाम, मग सिनेमा

एक काम करा. मोबाईल काढा, मारामारीच्या कुठल्याही नव्या सिनेमाचा ट्रेलर लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. आता बघा. दाढीवाला एक माणूस सावकाश मान वळवतो. दोन जीपगाड्या उडतात. कुणीतरी पावसात भिजतं. एक म्हातारी दार उघडते. संपलं.

एवढ्यावर तुम्ही काल चौघांना 'अंगावर काटा आला' असं लिहून पाठवलं होतं?

आता उलट करा. आवाज चालू, डोळे बंद. आधी शांतता. मग घड्याळाची टिकटिक, नाहीतर छातीचे ठोके. कुणीतरी खर्जात एक वाक्य टाकतं. धडाम. पुन्हा शांतता. मग धडाम-धडाम-धडाम, वर वर चढत जाणारा एक कर्कश सूर, एकदम सगळं गप्प, आणि शेवटचा महाधडाम. काटा आला ना परत?

तिकीट डोळ्यांनी नव्हे, कानांनी काढलं होतं.

बेळगावजवळच्या कंग्राळी बुद्रुकच्या बसस्टॉपवर संध्याकाळी उभे राहा. फौंड्रीतली शिफ्ट संपवून आलेली पोरं एका मोबाईलभोवती डोकी घालून उभी असतात. "काय बघूलालास रे?" असं विचारलं तर सिनेमाचं नाव कुणी सांगत नाही. "आवाज ऐक की मामा," एवढंच उत्तर येतं. ट्रेलर कन्नड आहे, हिंदी आहे की तेलुगू, याची चौकशीही कुणी करत नाही. दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून जिथे वातावरण तापतं, त्या सीमाभागात 'धडाम' ही एकच भाषा बिनविरोध निवडून आली आहे.

आणि ती निवडून येणारच. शांततेनंतर अचानक मोठा आवाज झाला की अंग दचकतं. त्याला शिक्षण लागत नाही, भाषा लागत नाही, गोष्ट तर अजिबात लागत नाही. पाळण्यातलं पोरही दचकतं. ट्रेलर कापणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो पडदा क्षणभर काळा करतो, आवाज शून्यावर आणतो, तुमचे कान टवकारले जाईपर्यंत थांबतो, आणि नेमक्या त्या कटवर ठोका मारतो. आपण समजतो, प्रसंग जबरदस्त होता.

प्रसंगात एक माणूस खुर्चीवर बसला, एवढंच झालेलं असतं.

आपल्या भागातलं कुस्ती मैदान आठवा. हलगीवाला जोडीकडे बघून वाजवतो. डाव रंगात आला की त्याचा हात चढतो, पैलवान एकमेकांना नुसते जोखत असले की उतरतो. कुस्ती आधी, हलगी मागून. ट्रेलरमध्ये हलगी आधी वाजते आणि कुस्ती तिच्या मापानं कापून आणतात. मोठ्या सिनेमांच्या ट्रेलरचं संगीत बहुतेकदा सिनेमाच्या संगीतकाराचंही नसतं. ट्रेलरसाठीच तयार ठेवलेल्या सुरावटींचे साठे असतात, त्यातली एक उचलायची, तिच्या ठोक्यांवर दृश्यं बसवायची. मग तीच सुरावट पुढच्या महिन्यात दुसऱ्याच सिनेमाला.

पैलवान बदलतात. हलगी तीच.

संवादांचं तर विचारूच नका. ट्रेलरमध्ये ती विचारते, "परत येशील ना?" तो म्हणतो, "शब्द दिलाय मी." तुमचा घसा दाटतो. सिनेमा बघायला गेल्यावर कळतं की तिनं हे धाकट्या भावाला विचारलं होतं, आणि यानं शब्द दिला होता पतसंस्थेच्या मॅनेजरला. प्रश्न पहिल्या अर्ध्या तासातला, उत्तर मध्यंतरानंतरचं. मधली भिंत कात्रीनं पाडलेली. एकाच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर टाकलं की तिसरीच गोष्ट तयार होते, आणि आपण ती तिसरी गोष्ट बघायला जातो.

ती कुठल्याच थिएटरात लागलेली नसते.

त्यात मोबाईलची करामत वेगळीच. तो पोटात घुमणारा खर्ज मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून निघूच शकत नाही. स्पीकरची तेवढी छातीच नसते. मग आवाज मिसळणारे त्या खर्जाला वरचे, खरखरीत सूर जोडतात. वरचे सूर ऐकले की खालचा मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणजे बसस्टॉपवरच्या त्या पोरांनी ऐकलेला अर्धा दणका मोबाईलनं वाजवलाच नव्हता, त्यांच्याच डोक्यानं वाजवला. नसलेली गोष्ट असल्यासारखी ऐकवायची विद्या इतकी पुढे गेल्यावर सिनेमा चांगला करायची गरज कुणाला वाटेल?

हा धडाम आला कुठून? क्रिस्टोफर नोलन यांच्या २०१० सालच्या 'इन्सेप्शन'चे ट्रेलर आले. त्यात पितळी वाद्यांचा एक अजस्र हंबरडा होता. तिकडे त्याला 'ब्राम' म्हणतात. तो पहिल्यांदा नेमका कुणी काढला, यावरही तिकडे मानापमान झाले. त्याच वर्षी 'द सोशल नेटवर्क'च्या ट्रेलरमध्ये रेडिओहेड या बँडचं गाजलेलं गाणं बेल्जियमच्या मुलींच्या गायनवृंदानं संथ लयीत गायलं. दोन्ही कल्पना त्या वेळी नवीन होत्या, आणि त्या त्या सिनेमाला शोभणाऱ्या होत्या. स्वप्नात बुडत जाणाऱ्या माणसांना तो हंबरडा, आणि एकटेपणातून जन्मलेल्या फेसबुकच्या गोष्टीला तो कोरस.

मग सगळ्या जगानं दोन्ही उचललं. आता पोलीसपटाला ब्राम, प्रेमपटाला ब्राम. आणि जुनं लोकप्रिय गाणं निम्म्या वेगात, पियानोच्या चार सुरांवर, कुजबुजत्या आवाजात आलं की समजायचं, पाच सेकंदांत कुणीतरी छतावरून पडणार आहे.

अमेरिकेत तर ट्रेलरचा गोंगाट इतका वाढला की त्याची पातळी ठरवण्यासाठी स्वतंत्र संघटना काढावी लागली. ट्रेलरनं सरासरी ८५ डेसिबलच्या वर जायचं नाही, असा दंडक घातला. सिनेमाच्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न नव्हता. सिनेमाआधीच्या अडीच मिनिटांनाच वेसण घालावी लागली.

पण पूर्वी सगळं सोज्वळ होतं, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी दादासाहेब फाळक्यांची जाहिरात आठवावी. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेत गर्दी होईना, कारण दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायची लोकांना सवय. तेव्हा दादासाहेबांनी जाहिरात केली: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांब चित्र, आणि दर फक्त तीन आणे. लोक धावत आले. आता हिशेब करा. सिनेमाची लांबी होती सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रं, म्हणजे सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास बरोबर. पण मैल होतो ५,२८० फुटांचा.

दोन मैल कुठले, एकही भरत नाही.

फरक इतकाच की फाळक्यांनी लांबी वाढवून सांगितली, माल तोच दिला. हरिश्चंद्र सांगितला आणि हरिश्चंद्रच दाखवला.

आणि माल दुसराच निघाला तर? कोर्टात जाऊन झालंय. २०१६ साली शाहरुख खानच्या 'फॅन'च्या प्रोमोत 'जबरा फॅन' हे गाणं दणक्यात वाजत होतं. १५ एप्रिलला सिनेमा आला. त्यात ते गाणंच नव्हतं. तेव्हाच्या औरंगाबादच्या एक शिक्षिका घरच्यांना घेऊन गेल्या होत्या. त्यांनी ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचानं फेटाळली. राज्य आयोगानं १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार रुपये खर्च द्यायला सांगितला. राष्ट्रीय आयोगानं तेच कायम ठेवलं. शेवटी २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते सगळं रद्द केलं. प्रोमो म्हणजे करार नव्हे. त्यात दाखवलेलं सिनेमात नसलं म्हणून सेवेत त्रुटी होत नाही, की अनुचित व्यापारही होत नाही.

निकाल बरोबरच आहे. प्रत्येक शॉटसाठी दिग्दर्शकाला कोर्टात ओढायला लागलो तर संकलक कात्रीच हातात धरणार नाही. पण त्या बाईंचा प्रश्नही बरोबर होता, आणि त्याला पंधरा हजार रुपयांपेक्षा मोठं मोल होतं. गाणं ऐकवून बोलावलंत, मग गाणं कुठंय? एवढं साधं विचारायला या देशात आठ वर्षं लागतात.

वर हेही बघा. 'छावा'चा ट्रेलर २२ जानेवारी २०२५ रोजी आला. त्यात छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले. महाराष्ट्रात आक्षेपांचा धुरळा उठला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी तो प्रसंग काढून टाकला. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला, तेव्हा ट्रेलरमधली लेझीम सिनेमात नव्हती. अडीच-तीन मिनिटांच्या तुकड्यानं अडीच तासांच्या सिनेमाला कात्री लावली. सिनेमा अजून कुणी बघितलाही नव्हता.

मग ट्रेलर सिनेमाची जाहिरात, की सिनेमा ट्रेलरची पुरवणी?

आपल्या कर्नाटकातही एक खटला झाला. बेंगळुरूतल्या एका प्रेक्षकानं २०२३ च्या डिसेंबरात 'सॅम बहादूर'चं चार वाजून पाच मिनिटांचं तिकीट काढलं. सिनेमा सुरू झाला साडेचारला. मधली पंचवीस मिनिटं जाहिराती आणि ट्रेलर. ग्राहक आयोगानं २०२५ च्या फेब्रुवारीत मल्टिप्लेक्स कंपनीला त्याला २० हजार रुपये मनस्तापाचे, ८ हजार खर्चाचे आणि वर ग्राहक कल्याण निधीत १ लाख रुपये भरायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. दोन राज्यांत दोन माणसं ट्रेलरवरून भांडली. एकीला ट्रेलरमधलं सिनेमात मिळालं नाही. दुसऱ्याला सिनेमाच्या वेळेत ट्रेलर मिळाले.

सीमाप्रश्न सुटो न सुटो, या बाबतीत दोन्ही राज्यांतल्या प्रेक्षकांची फिर्याद एकच आहे.

सेन्सॉर काय करतं, असं कुणी विचारेल. थिएटरात दाखवायचा ट्रेलर प्रमाणपत्र घेऊनच येतो. बसस्टॉपवर मोबाईलमध्ये फिरणाऱ्याला ते लागत नाही. आणि प्रमाणपत्र देणारे रक्त, शिवी, चुंबन मोजतात. हे वाक्य याच माणसाचं आहे का, हे कुणी मोजत नाही.

आता आपल्या घरातलं. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यांनी बघितली आहे, त्यांना ट्रेलर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टरची ट्रॉली, वर पुठ्ठ्याचा बुरूज, मागे जनरेटर, दोन्ही बाजूंना स्पीकर. चौक आला की ट्रॉली थांबते. ध्वनिमुद्रित संवाद सुरू होतात, टापा, तलवारींचा खणखणाट, आणि गल्लीतली पोरं दोन-चार मिनिटांत अख्खा प्रसंग उभा करतात. हे काम अवघड आहे. आवाज आधीच टेपला गेलेला, शरीर त्या बरहुकूम हलवायचं. 'जगदंब' म्हणताना ओठ मागे राहिले तर पुढच्या रांगेतला म्हातारा लगेच बोलतो. कंग्राळीसारख्या गावांतली पोरं यासाठी रात्री-रात्री तालीम करतात. आवाज कुठे तोडायचा, शांतता कुठे ठेवायची, हे त्यांना कुठल्या संस्थेनं शिकवलेलं नाही.

आणि तिथेही आता ब्राम शिरलाय.

अफझलखान शामियान्यात येतो तो 'इन्सेप्शन'च्या पितळी आवाजात. मावळे गड चढतात ते कुठल्याशा परदेशी साठ्यातल्या ड्रमवर. हलगी आपली, संबळ आपलं, तुतारी आपली. ही वाद्यं वाजवणारी माणसं याच मिरवणुकीत, चार ट्रॉल्या मागे चालत असतात. त्यांना सोडून मोबाईलवरून उतरवलेला धडाम लावायचा? पोरांनो, तुमच्याकडे असलेली चीज हॉलिवूडकडे नाही. मला याचा राग येतो, आणि तो राग पोरांवर कमी, त्यांच्या कानांवर दिवसरात्र हेच ओतणाऱ्यांवर जास्त आहे. ऐतिहासिक मराठी सिनेमांच्या ट्रेलरनी हेच ओतलंय. संथ गतीत उपसलेली तलवार, उडणारी माती, ब्राम, गर्जना. कोणता गड, कोणता सरदार, कोणतं साल, सगळं एका आवाजात बुडालेलं.

इतिहास वेगवेगळा, दणका एकच.

मराठी सिनेमाला आवाज कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातमध्ये 'कुंकू' केला. त्यात पार्श्वसंगीतच नाही. जे आवाज आहेत ते त्या घरातले आणि त्या जगातले. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी, आणि त्याच्या भिंतीवरचं जुनाट घड्याळ. आज प्रत्येक ट्रेलरमध्ये टिकटिक असते, पण घड्याळ कुणाचं असतं? 'कुंकू'तलं घड्याळ त्या घराचं होतं, त्याच्याशी त्या दोघांचं काहीतरी देणंघेणं होतं. पंचाऐंशीहून जास्त वर्षं झाली. तंत्र कुठल्या कुठे गेलं, घड्याळ मात्र बेवारशी झालं.

आणि 'सैराट'. 'फॅन'नंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी आला. अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन गाणी केली. ती आधीच गावागावांतल्या वरातींत पोचली होती. गाणी ऐकून लोक गेले, आणि सगळी गाणी सिनेमात मिळाली. मग शेवटी नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. लहानग्याची पावलं, आणि थिएटरात चिडीचूप. ही शांतता कुठल्याच जाहिरातीत नव्हती. जाहिरातीत ठेवली असती तर ती मेली असती.

लपवाछपवी ही पण आहे. पण ही गोष्टीच्या बाजूनं आहे.

याच मंजुळेंच्या आधीच्या 'फँड्री'साठी अजय-अतुल यांनी एक गाणं केलं होतं. ते प्रसिद्धीसाठी वाजलं, सिनेमात ते नव्हतं. सिनेमाचं संगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं. मग 'फॅन'वर रागावणाऱ्यांनी 'फँड्री'वर का रागावू नये? कारण त्या गाण्यातली ठसठस घेऊन जो आत गेला, त्याला आत तीच ठसठस दुपटीनं मिळाली. त्यातल्या जब्याचा दगड अंगावर आला तेव्हा गाणं कुठंय, असं विचारायचं भान कुणाला राहिलं होतं? गाण्याच्या हजेरीवरून फसवणूक ठरत नाही. बोलावलं कशासाठी आणि वाढलं काय, यावरून ठरते.

आणखी एक बाजूचं उदाहरण. ऋषभ शेट्टी यांचा 'कांतारा' ३० सप्टेंबर २०२२ रोजी फक्त कन्नडमध्ये आला. हिंदीत यायला दोन आठवडे लागले, तेही लोकांची चर्चा वाढल्यावर. तोवर इकडची मराठी माणसं बेळगावात जाऊन कन्नडमध्येच बघून आली होती. दैव अंगात आलेल्या माणसाची ती आरोळी कुणालाही पुरेशी होती. ती आरोळी कुठल्या साठ्यातून उचललेली नव्हती, किनारपट्टीच्या भूतकोल विधीतून आलेली होती. एकानं बघितला, त्यानं चौघांना सांगितलं.

त्या सांगण्याचा आवाज किती डेसिबलचा होता?

मराठी निर्मात्यांना एक सरळ विचारायचंय. तुमच्याकडे दणक्याचा पैसा नाही, हे आम्हाला माहीत आहे. मग दणक्याची नक्कल का? शंभर कोटींच्या सिनेमासारखा ट्रेलर करायला जाता आणि तो त्याच्या शेजारी बारीक दिसतो. त्यापेक्षा तुमच्याकडे आहे ते ऐकवा. एखाद्या नटाचं एक पूर्ण वाक्य, न कापता. चंदगडी बोली, कोल्हापुरी ठसका, मालवणी हेल. दोन माणसं जेवताना बोलतात तेवढं एक अख्खं मिनिट. सीमाभागात मराठी कानांना घरचं बोलणं पडद्यावरून ऐकायची भूक किती आहे, याचा तुम्हाला अंदाज नाही. इथे मराठी शाळा टिकवायला माणसं झगडतात, पाटीवरच्या एका ओळीसाठी केसेस अंगावर घेतात. त्यांना तुम्ही अडीच मिनिटांत मराठी किती ऐकवता? मोजून सात-आठ वाक्यं, तीही ठोक्याखाली दबलेली.

आणि शेवटची पाटी. महाधडाम होतो, नाव झळकतं, तारीख येते, आणि कितीतरी मराठी ट्रेलरच्या तळाशी लिहिलेलं असतं: 'संपूर्ण महाराष्ट्रात'.

कंग्राळी महाराष्ट्रात नाही. बेळगाव नाही, खानापूर नाही, निपाणी नाही. मराठी सिनेमा इथे आलाच तर एखाद-दुसऱ्या शोला येतो, तोही कधी दुपारचा, आणि आला हे कळेपर्यंत उतरलेला असतो. पोरांनी ट्रेलर वीस वेळा ऐकलेला असतो, सिनेमा कुठं लागलाय ते कुणालाच ठाऊक नसतं. मग निर्माता म्हणतो, बेळगावात प्रतिसाद नाही.

त्या पाटीवर आणखी एक ओळ मावते. शहराचं नाव घाला, थिएटरचं नाव घाला, शोची वेळ घाला, आणि ती वेळ शिफ्ट सुटल्यावरची ठेवा. ब्राम काढून टाकला तरी चालेल. आम्ही येऊ.